हत्तीरोगावरील डी.ई.सी. : औषधाचे गुणधर्म, प्रयोगशाळेतील उपयोग आणि गावाची जबाबदारी

विदर्भातील अनेक गावांना हे दृश्य परिचयाचे आहे. रात्रीचे साडेआठ-नऊ वाजून गेलेले असतात. जेवणखाण आटोपून माणसे अंथरुणाला पाठ टेकण्याच्या बेतात असतात. अशा वेळी आरोग्य कर्मचारी दाराशी येतो, बोटाला सुई टोचून रक्ताचे दोन-तीन थेंब काचपट्टीवर घेतो आणि पुढच्या घराकडे वळतो. पुढे मोहिमेच्या दिवसांत तोच कर्मचारी आशा स्वयंसेविकेला बरोबर घेऊन भर दिवसा येतो आणि घरातील धडधाकट माणसांनीही आपल्या समक्ष गोळ्या गिळाव्यात, असा आग्रह धरतो. रक्त रात्रीच का घ्यावयाचे, आणि ज्याला काहीही होत नाही त्याने औषध का घ्यावयाचे, हे दोन प्रश्न प्रत्येक घरात विचारले जातात. सरपंच, शिक्षक आणि ग्रामसेवक यांनाही ते विचारले जातात. त्यांची उत्तरे देता यावीत म्हणून या गोळीची, म्हणजे डायएथिलकार्बामाझिन या औषधाची, थोडी सविस्तर ओळख करून घेणे अगत्याचे आहे. वैद्यकीय व्यवहारात या लांबलचक नावाऐवजी ‘डी.ई.सी.’ ही आद्याक्षरेच रूढ आहेत.

रोग आणि त्याचा परोपजीवी

हत्तीरोग हा डासांमार्फत पसरणारा कृमिजन्य रोग आहे. आपल्याकडे तो प्रामुख्याने वुचेरेरिया बँक्रॉफ्टी या सुतासारख्या बारीक जंतामुळे होतो. केरळसारख्या काही भागांत ब्रुगिया मलायी ही दुसरी जातीही आढळते. पूर्ण वाढलेले जंत माणसाच्या लसीकावाहिन्यांत आणि लसीका ग्रंथींत मुक्काम करतात. मादी आठ ते दहा सेंटिमीटर लांब असते, नर त्याच्या निम्म्याने. त्यांचे आयुष्य पाच-सहा वर्षांचे असते आणि या काळात मादी लक्षावधी सूक्ष्म पिले रक्तात सोडीत राहते. या पिलांना ‘मायक्रोफायलेरिया’ म्हणतात. प्रत्येक पिलाची लांबी सुमारे पाव मिलिमीटर आणि रुंदी जवळजवळ एका तांबड्या रक्तपेशीएवढी असते.

ही पिले माणसाच्या शरीरात मोठी होत नाहीत. त्यासाठी त्यांना डासाच्या पोटात जावे लागते. आपल्याकडे हे काम क्युलेक्स क्विंक्विफॅसिएटस जातीची डासमादी करते. गटारे, तुंबलेले सांडपाणी आणि संडासाच्या टाक्या ही तिची आवडती पैदासस्थाने होत. डासाच्या अंगात दहा ते चौदा दिवसांत पिलाची संसर्गक्षम अळी बनते आणि पुढच्या दंशाच्या वेळी ती माणसाच्या त्वचेत शिरते.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. ज्याच्या रक्तात पिले आहेत, त्याचा पाय सुजलेला असतोच असे नाही. किंबहुना रक्तात पिले असलेली बहुसंख्य माणसे वरकरणी निरोगी असतात. पायाची सूज, अंडवृद्धी यांसारख्या विकृती वर्षानुवर्षांच्या हानीनंतर दिसू लागतात आणि तोपर्यंत अनेकदा रक्तातील पिले नाहीशीही झालेली असतात. म्हणजे रोगाचा प्रसार ज्याच्यापासून होतो तो बहुधा धडधाकट दिसतो, आणि ज्याचा पाय पाहून आपण दूर सरकतो त्याच्यापासून प्रसाराचा संभव पुष्कळदा कमीच असतो. निरोगी दिसणाऱ्याला गोळी का, या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथेच मिळते.

दुसरा विशेष म्हणजे ही पिले रात्रीच त्वचेजवळच्या रक्तात येतात. रात्री दहा ते दोनच्या सुमारास त्यांची संख्या सर्वाधिक असते. दिवसा ती फुफ्फुसांतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांत दडून राहतात. क्युलेक्स डास रात्रीच चावतो, तेव्हा परोपजीवी आणि डास यांच्या वेळा एकमेकांशी जुळलेल्या आहेत. टिमथी लुईस यांनी १८७२ मध्ये कलकत्ता येथे माणसाच्या रक्तात ही पिले पाहिली. पॅट्रिक मॅन्सन यांनी १८७७ मध्ये चीनमधील अमॉय बंदरात ती डासाच्या शरीरात वाढतात हे दाखविले आणि पुढे रात्री-दिवसाचा हा फरकही नोंदविला. एखाद्या रोगाचा परोपजीवी कीटकाच्या शरीरात वाढतो, हे सिद्ध करणाऱ्या आरंभीच्या संशोधनांत मॅन्सन यांच्या कार्याची गणना होते.

औषधाचा शोध

दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिक महासागरातील बेटांवर लढणाऱ्या हजारो अमेरिकी सैनिकांना हत्तीरोगाची लागण झाली. त्या वेळी या रोगावर समाधानकारक असे औषध नव्हते. अँटिमनी आणि आर्सेनिक या विषारी मूलद्रव्यांची संयुगे वापरून पाहण्यात येत होती, पण ती रुग्णालाही घातक ठरत. या निकडीतून अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत नव्या संयुगांचा पद्धतशीर शोध सुरू झाला. तेथील संशोधन विभागाचे संचालक होते डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव. आंध्रातील भीमावरम येथे १८९५ मध्ये जन्मलेल्या या शास्त्रज्ञाचे नाव फॉलिक अम्ल, मेथोट्रेक्सेट आणि टेट्रासायक्लीन गटातील पहिले प्रतिजैविक यांच्याशीही जोडले गेले आहे.

या शोधाची पद्धत उद्बोधक आहे. वुचेरेरिया हा जंत माणसातच राहतो, त्यामुळे त्याच्यावर प्रयोग करण्यास सोयीचा प्राणी उपलब्ध नव्हता. तेव्हा त्याच्या नात्यातील जंतांचा आधार घेण्यात आला. कॉटन रॅट या जातीच्या उंदरात लिटोमोसॉइडिस नावाचा जंत राहतो आणि कुत्र्याच्या हृदयात डायरोफायलेरिया. अनेक संयुगे या प्राण्यांना देऊन त्यांच्या रक्तातील पिले मोजण्यात आली. पायपेरॅझिन या वलयाकार संयुगापासून तयार केलेल्या मालिकेतील एका पदार्थाने पिले झपाट्याने नाहीशी होत असल्याचे दिसले. तोच डायएथिलकार्बामाझिन. १९४७ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी प्वेर्तो रिको येथील रुग्णांवरील उपचारांचा अहवालही आला. सात दशकांहून अधिक काळ लोटला, अनेक नवी औषधे निघाली, परंतु हे औषध आजही हत्तीरोगावरील उपचाराचा कणा राहिले आहे.

रासायनिक व भौतिक गुणधर्म

डी.ई.सी.च्या रेणूचा गाभा म्हणजे चार कार्बन आणि दोन नायट्रोजन अणूंचे सहा बाजूंचे पायपेरॅझिन वलय. त्याच्या एका नायट्रोजनला मेथिल गट आणि दुसऱ्याला डायएथिलकार्बामिल गट जोडलेला असतो. रेणुभार सुमारे १९९ भरतो. औषध म्हणून मात्र हे मूळ द्रव्य तसेच न वापरता सायट्रिक अम्लाशी संयोग करून त्याचा क्षार, म्हणजे डी.ई.सी. सायट्रेट, वापरतात. त्याचा रेणुभार ३९१ आहे. याचा अर्थ असा की, १०० मिलिग्रॅम सायट्रेटच्या गोळीत प्रत्यक्ष गुणकारी द्रव्य ५१ मिलिग्रॅमच्या आसपास असते. शास्त्रीय लेखांतील मात्रांची तुलना करताना मात्रा मूळ द्रव्याची आहे की सायट्रेटची, हे पाहिले नाही तर दुपटीचा घोटाळा होतो.

सायट्रेट हे पांढरे, स्फटिकमय चूर्ण असते. त्याला वास जवळजवळ नसतो. चव आंबटसर व कडवट असते. वितळबिंदू १३५ अंश सेल्सियसच्या थोडा वर आहे. ते पाण्यात अतिशय सहज विरघळते, अल्कोहोलमध्ये बेताने विरघळते, तर ॲसिटोन, क्लोरोफॉर्म आणि ईथर यांत जवळजवळ अविद्राव्य असते. हवेतील ओलावा ते थोडाफार शोषून घेते. म्हणून गोळ्यांचे डबे घट्ट झाकणाचे असावेत आणि पावसाळ्यात ते उघडे राहू नयेत, ही सूचना कागदोपत्री औपचारिकता समजू नये.

उष्णतेचा मात्र या संयुगावर सहसा परिणाम होत नाही. स्वयंपाकाच्या उकळीतही ते टिकून राहते. या एका गुणधर्मावर एक मोठा प्रयोग उभा राहिला. रोजच्या मिठात अल्प प्रमाणात डी.ई.सी. मिसळून ते लोकांना पुरवावे, ही ती कल्पना. फ्रँक हॉकिंग व त्यांच्या सहकाऱ्याने १९६७ मध्ये ब्राझीलमधील अनुभव प्रसिद्ध केला. आपल्याकडे लक्षद्वीप आणि कराईकल येथे असे मीठ वापरून पाहण्यात आले. चीनने तर मोठ्या लोकसंख्येवर ही पद्धत राबविली, आणि तो देश हत्तीरोगमुक्त झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये मान्य केले.

गोळ्यांची शुद्धता तपासणाऱ्या प्रयोगशाळेतही या रसायनाचे गुणधर्म उपयोगी पडतात. हे द्रव्य अल्कधर्मी असल्याने, निर्जल ॲसिटिक अम्लात विरघळवून परक्लोरिक अम्लाने त्याचे अनुमापन करतात. परक्लोरिक अम्लाच्या ठराविक तीव्रतेच्या द्रावाचा एक मिलिलिटर खर्च झाला तर नमुन्यात सायट्रेट ३९.१४ मिलिग्रॅम आहे, असा हिशेब निघतो. ज्या गोळ्या लक्षावधी लोकांना द्यावयाच्या, त्यांतील औषध गोळीगणिक सारखे असणे किती आवश्यक आहे, हे वेगळे सांगावयास नको.

शरीरातील प्रवास

तोंडाने घेतलेले डी.ई.सी. आतड्यातून लवकर शोषले जाते आणि एक ते दोन तासांत रक्तातील त्याचे प्रमाण सर्वाधिक होते. चरबीचे स्तर वगळता ते शरीरात सर्वत्र पसरते. नंतर काही भाग मूळ रूपात आणि काही यकृतात रूपांतर होऊन मूत्रावाटे बाहेर पडतो. दोन दिवसांत बहुतेक औषध शरीराबाहेर गेलेले असते. मूत्र आम्लधर्मी असेल तर ते लवकर जाते, अल्कधर्मी असेल तर अधिक काळ रेंगाळते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्या माणसाच्या बाबतीत मात्रा ठरविताना डॉक्टर सावधगिरी बाळगतात, त्याचे कारण हेच.

काचपात्रातील कोडे

या औषधाचा सर्वांत विलक्षण गुणधर्म प्रयोगशाळेतच उघडकीस आला. रुग्णाच्या शरीरात काही मिनिटांत पिलांचा नायनाट करणारे हे औषध, शरीराबाहेर काचपात्रात त्याच पिलांवर टाकले असता, उपचाराच्या वेळी रक्तात असते तेवढ्या प्रमाणात, त्यांना मारीत नाही. पिले वळवळत राहतात. जे औषध शरीरात मारते ते काचपात्रात का मारीत नाही, हा प्रश्न संशोधकांपुढे उभा राहिला.

हॉकिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून त्याचे उत्तर शोधले. औषध दिल्यावर रक्तातून नाहीशी झालेली पिले यकृतातील सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकलेली आढळली. तेथे शरीराच्या भक्षक पेशी त्यांना वेढून गिळीत होत्या. म्हणजे मारण्याचे काम मुख्यतः शरीराची संरक्षणयंत्रणाच करते, आणि डी.ई.सी. पिलांना तिच्या तावडीत आणून सोडते. १९८० नंतरच्या संशोधनात असे दिसले की, हे औषध शरीरातील दाहाशी संबंधित असलेल्या ल्युकोट्राइन वर्गातील द्रव्यांच्या निर्मितीत हस्तक्षेप करते. पुढे उंदरांवरील प्रयोगांतून नायट्रिक ऑक्साइड या रेणूचा सहभागही पुढे आला. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार ब्रुगिया जंताच्या स्नायूंतील विशिष्ट आयन-मार्गांवर डी.ई.सी.ची थेट क्रिया होते, आणि जंताला अल्पकाळ टिकणारा पक्षाघातासारखा झटका बसतो. तेव्हा परोपजीवीवर आघात आणि शरीराचा प्रतिकार, अशी ही दुहेरी क्रिया दिसते. तिचे सर्व धागे अद्याप उलगडलेले नाहीत.

सामान्य वाचकाला हे कोडे केवळ शास्त्रज्ञांच्या कुतूहलाचा विषय वाटेल. पण त्याचा संबंध थेट आपल्या गावातील मोहिमेशी पोहोचतो. ज्याच्या रक्तात पुष्कळ पिले आहेत त्याने गोळी घेतली की, ती पिले एकाच वेळी मरू लागतात आणि मेलेल्या पिलांविरुद्ध शरीर प्रतिक्रिया देते. ताप, डोकेदुखी, अंगदुखी, मळमळ, चक्कर हे त्रास त्यातून उद्भवतात. ते बहुधा एक-दोन दिवसांत साध्या उपचाराने शमतात. ज्याच्या रक्तात पिले नाहीत त्याला सहसा यांपैकी फारसे काही होत नाही. म्हणजे गोळीनंतर येणारा ताप बहुतांशी औषधाचा नसून मरणाऱ्या जंतांचा असतो. त्या माणसाला गोळीची खरोखर गरज होती, याची ती एक खूणच असते.

दिवसा बोलावलेले जंत

औषध घेतल्यानंतर पिले यकृतात अडकण्यापूर्वी आणखी एक घटना घडते. दिवसा फुफ्फुसांत दडलेली पिले औषधाच्या क्रियेने तेथून सुटतात आणि थोडा वेळ सर्वत्र वाहणाऱ्या रक्तात येतात. या गुणधर्माचा उपयोग करून रोगनिदानाची एक पद्धत बसविण्यात आली आहे. तिला डी.ई.सी. उद्दीपन चाचणी म्हणता येईल. प्रौढ व्यक्तीला दिवसा १०० मिलिग्रॅमची एक गोळी देतात. अर्ध्या तासानंतर आणि तासाच्या आत बोटातून रक्त घेतात. रात्री ज्यांना शोधावे लागते ती पिले या वेळी दिवसाउजेडी काचपट्टीवर सापडू शकतात. वेळेचे बंधन येथे महत्त्वाचे असते, कारण उशीर झाला तर जे औषध पिलांना बाहेर काढते तेच त्यांना रक्तातून नाहीसेही करू लागते.

पुढील तपासणी रात्रीच्या नमुन्याप्रमाणेच होते. सुमारे वीस घन मिलिमीटर रक्ताचा जाडसर लेप काचपट्टीवर घेऊन वाळवितात. वाळलेली पट्टी पाण्यात धरून तांबड्या पेशींतील रंगद्रव्य धुऊन काढतात आणि मग तिला रंग देतात. त्यासाठी वापरला जाणारा जे.एस.बी. हा रंग भारतीय शास्त्रज्ञांनीच हिवतापाच्या तपासणीसाठी विकसित केला होता. सूक्ष्मदर्शकाखाली पिलांचे आवरण आणि शेपटीचे टोक पाहून जात ओळखता येते. वुचेरेरियाच्या शेपटीच्या टोकाशी केंद्रके नसतात, ब्रुगियाच्या टोकाशी दोन असतात. मग पट्टीवरील एकूण पिले मोजून नोंद करतात.

रात्री फिरणे शक्य नसलेल्या ठिकाणी, तसेच रुग्णालयात दिवसा आलेल्या माणसाच्या बाबतीत ही चाचणी सोयीची ठरते. मात्र तिच्याही मर्यादा आहेत. रक्तात पिले विरळ असतील तर ती निसटू शकतात आणि सापडलेली संख्या रात्रीच्या नमुन्यापेक्षा बहुधा कमी भरते. म्हणून रात्रीच्या रक्तनमुन्यांचे महत्त्व संपलेले नाही. प्रौढ जंतांनी रक्तात सोडलेले प्रतिजन ओळखणाऱ्या चाचणीपट्ट्या आता उपलब्ध आहेत. त्यांना रात्रीची अट नाही आणि पिले नसतानाही त्या जंताचे अस्तित्व दाखवितात. वर्धा जिल्ह्यातील सेवाग्राम येथील महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत हत्तीरोगाच्या प्रतिजनांवर अनेक वर्षे संशोधन झाले आहे, ही महाराष्ट्राच्या दृष्टीने अभिमानाची बाब होय.

डी.ई.सी. उद्दीपन चाचणी सर्वच देशांत वापरता येत नाही. आफ्रिकेच्या काही भागांत ऑन्कोसर्का या जंतामुळे ‘नदीअंधत्व’ हा रोग होतो. त्याची पिले त्वचेत आणि डोळ्यांत असतात. अशा रुग्णाला डी.ई.सी. दिल्यास तीव्र प्रतिक्रिया होऊन दृष्टीलाही धोका पोहोचू शकतो. मात्र त्याच प्रतिक्रियेचा मर्यादित उपयोग निदानासाठी करण्यात आला. औषध मिसळलेली लहानशी पट्टी त्वचेवर लावावयाची आणि तेवढ्याच जागी पुरळ येते का, हे पाहावयाचे. नदीअंधत्व आपल्या देशात नाही, म्हणूनच येथे डी.ई.सी. मोठ्या प्रमाणावर देता येते. एका देशातील सुरक्षित औषध दुसऱ्या देशात जपून वापरावे लागते, ते असे.

एका अपयशाचा धडा

भारतात राष्ट्रीय फायलेरिया नियंत्रण कार्यक्रमाला १९५५ मध्ये प्रारंभ झाला. डी.ई.सी.चा सामुदायिक वापर हे त्याचे एक प्रमुख अंग होते. गोळ्या सलग काही दिवस घ्यावयाच्या होत्या. पहिल्या-दुसऱ्या दिवशीच काहींना ताप आला, काहींना उलट्या झाल्या, आणि पुढच्या गोळ्या घेण्यास लोक नकार देऊ लागले. १९६० च्या सुमारास कार्यक्रमाचे मूल्यमापन झाले तेव्हा लोकांचा प्रतिसाद नसल्याने सामुदायिक औषधोपचार थांबवावा लागला. त्यानंतर डासांच्या अळ्यांचे नियंत्रण आणि रक्तात पिले सापडलेल्यांवर उपचार, यांवर भर देण्यात आला.

या घटनेकडे आज पाहताना एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. औषध त्या वेळीही तेच होते, त्याचे गुणधर्मही तेच होते. गोळीने ज्यांना त्रास झाला त्यांच्याच रक्तातील जंत मरत होते, पण ते गावापर्यंत पोहोचले नाही. शेजाऱ्याला ताप आलेला दिसला आणि दुसऱ्या माणसाने गोळी उंबऱ्याबाहेर टाकली. प्रयोगशाळेतील ज्ञान चावडीपर्यंत न पोहोचल्याने एक गुणकारी औषध कपाटात राहिले. या काळात कितीतरी तरुण शेतमजुरांचे पाय जड झाले असतील, चिखलात उभे राहून रोवणी करणे त्यांना अशक्य झाले असेल, कितीतरी मुलींची लग्ने पायाच्या सुजेमुळे मोडली असतील. त्याची नोंद कोणत्याही अहवालात होत नाही.

पुढील संशोधनाने मार्ग सुकर केला. सलग अनेक दिवसांच्या उपचाराऐवजी वर्षातून एकदाच दिलेली मात्रा रक्तातील पिले दीर्घकाळ कमी ठेवते, हे सिद्ध झाले. १९९६-९७ पासून सात राज्यांतील तेरा जिल्ह्यांत ही पद्धत आजमाविण्यात आली आणि २००४ पासून ती देशातील हत्तीरोगग्रस्त जिल्ह्यांत लागू करण्यात आली. नंतर जोडीला अल्बेंडाझोल हे औषध आले. आयव्हरमेक्टिन हे तिसरे औषध जोडल्यावर पिले अधिक पूर्णपणे व अधिक काळ नाहीशी होतात, असे आढळले. २०१८ च्या अखेरीपासून भारतात ज्या पहिल्या पाच जिल्ह्यांत तीन औषधांची पद्धत अवलंबिली गेली, त्यांत आपल्या राज्यातील नागपूर हा एक होता. २०२७ पर्यंत देशातून हत्तीरोगाचे दूरीकरण करण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले आहे.

मात्रा आणि पथ्ये

सामुदायिक औषधोपचारात डी.ई.सी.ची मात्रा वयानुसार ठरलेली आहे. दोन ते पाच वर्षे वयाच्या बालकांना १०० मिलिग्रॅमची एक गोळी, सहा ते चौदा वर्षांच्या मुलामुलींना दोन आणि पंधरा वर्षांवरील सर्वांना तीन गोळ्या देतात. दोन वर्षांखालील बालके, गरोदर स्त्रिया आणि गंभीर आजारी व्यक्ती यांना हे औषध देत नाहीत. ते उपाशीपोटी घेऊ नये. कर्मचाऱ्याच्या समक्ष गिळावे, नंतर घेऊ म्हणून ठेवून देऊ नये. वाटलेल्या गोळ्या आणि गिळलेल्या गोळ्या यांत अंतर राहिले तर नोंदवहीतील टक्केवारी फसवी ठरते, आणि डास नोंदवही पाहून चावत नाही.

हे औषध प्रौढ जंतांपैकी काहींनाच मारते, उरलेले पुन्हा पिले सोडू लागतात. म्हणून एका वर्षी गोळी घेतली की भागले, असे होत नाही. जंतांचे आयुष्य पाच-सहा वर्षांचे असल्याने दोन औषधांच्या पद्धतीत निदान पाच वर्षे दरवर्षी मात्रा घ्यावी लागते. तीही एकूण लोकसंख्येपैकी किमान ६५ टक्के लोकांनी प्रत्यक्ष घेतली तरच प्रसाराची साखळी तुटते. घरातील एकाने टाळले तर त्याच्या रक्तातील पिले डासांमार्फत उरलेल्यांपर्यंत पोहोचत राहतात. निरोगी दिसणाऱ्याला गोळी का, या प्रश्नाचे उरलेले अर्धे उत्तर हे आहे.

सुजलेला पाय मात्र या गोळीने पूर्ववत होत नाही, हेही स्पष्टपणे सांगितले पाहिजे. खोटी आशा लावली तर पुढच्या खेपेस विश्वास उरत नाही. अशा रुग्णांनी पाय रोज साबण-पाण्याने धुऊन कोरडा ठेवणे, बोटांच्या बेचक्यांतील जखमांवर उपचार घेणे, पाय उंच ठेवणे व साधे व्यायाम करणे यांनी दुखण्याचे झटके पुष्कळ कमी होतात. अंडवृद्धीवर शस्त्रक्रियेचा उपाय आहे.

गावाने काय करावे

नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांना, तसेच मराठवाड्यातील नांदेडसारख्या भागांना हा रोग परिचित आहे. तेथील ग्रामपंचायतींनी मोहिमेपूर्वी ग्रामसभेत हा विषय घ्यावा. गोळीनंतर कोणाला ताप येऊ शकतो, तो का येतो आणि त्या वेळी कोठे जावयाचे, हे आधीच सांगून ठेवावे. आधी सांगितलेला ताप भीती निर्माण करीत नाही, न सांगितलेला ताप अफवा होतो. सरपंच व सदस्यांनी प्रथम आपण सर्वांसमक्ष गोळ्या घ्याव्यात. शंभर भाषणांनी होत नाही ते काम त्यामुळे होते.

शिक्षकांचा वाटा वेगळा आहे. मोहिमेचे फळ मिळाले की नाही, हे तपासण्यासाठी सहा-सात वर्षांच्या मुलांची पाहणी करण्यात येते, कारण मोहीम सुरू झाल्यानंतर जन्मलेल्या मुलांत जंत आढळले नाहीत तर प्रसार थांबला असा निष्कर्ष काढता येतो. म्हणजे पहिली-दुसरीच्या वर्गातील मुलाचा रक्ताचा थेंब हा साऱ्या गावाच्या प्रयत्नांचा निकाल असतो. पालकांना हे समजावून सांगण्याचे काम शिक्षकाइतके चांगले दुसरा कोणी करू शकणार नाही.

औषधाच्या जोडीला डासांचा बंदोबस्त हवाच. गटारे वाहती ठेवणे, सांडपाण्यासाठी शोषखड्डे करणे, संडासाच्या वायुनलिकेच्या तोंडाला जाळी किंवा कापड बांधणे, रात्री मच्छरदाणी वापरणे ही कामे कमी खर्चाची असून ग्रामपंचायतीच्या आवाक्यातील आहेत.

डी.ई.सी. एकट्याच्या बळावर जंताला मारीत नाही, त्याला शरीराची साथ लागते. समाजाच्या पातळीवरही तेच आहे. औषध शासन पुरवील, तपासणी प्रयोगशाळा करील, परंतु गोळी गिळण्याचे काम प्रत्येकाला स्वतःच करावे लागते. १९५५ मध्ये जी गोळी अनेकांनी भीतीने नाकारली, तिच्याविषयी आज आपल्याला पुष्कळ अधिक माहिती आहे. पुढच्या खेपेस आरोग्य कर्मचारी दाराशी येईल तेव्हा ती माहिती त्या घरातही पोहोचलेली असावी, एवढी दक्षता गावातील जाणत्यांनी घेतली तर हत्तीरोगाचा शेवटचा रुग्ण आजच्या पिढीत होऊन गेला, असे म्हणण्याची संधी पुढील पिढीला मिळेल.